चौथा बोल्ट

समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाला मिठाची ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्या निवासस्थानाच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी तासून रंगवावे लागतात. देवळाच्या फाटकाची बिजागरी पावसाळा संपता संपता कण्हू लागते. आणि घंटेचा दोर धरणारी लोखंडी कडी आम्ही येथे आल्यापासून दोनदा बदलली आहे. यापूर्वी आम्ही घाटावरच्या धर्मग्रामात होतो. तेथे लोखंड म्हातारे झाल्यावर गंजते. येथे ते तरुणपणीच गंजते. तथापि गंज लोखंडालाच चढतो, स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांना त्याचे भय नाही, अशी एक समजूत किनाऱ्यावरच्या चांगल्या जाणत्या माणसांतही आढळते. ही समजूत किती महागात पडू शकते हे २०२३ च्या डिसेंबरात, आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात, एका बोल्टापाशी चार दिवस बसून आम्ही पाहिले.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना जेट-स्कीवरून फिरवतो. ज्या वाचकांचा समुद्राशी संबंध मे महिन्यातल्या एका सहलीपुरता येतो त्यांच्यासाठी सांगतो, की जेट-स्की म्हणजे पाण्यावर चालणारी मोटरसायकल. मच्छीमारी बोटीसारखा उघड्यावर फिरणारा पंखा तिला नसतो. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, बंद नळकांड्यातला पंखा ते मागे ढकलतो, आणि शेपटाकडच्या अरुंद तोटीतून ते वेगाने बाहेर फेकले गेले की यान पुढे झेपावते. उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांतून बोटी चालाव्यात म्हणून न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ही रीत यशस्वी करून दाखवली. एकट्या स्वाराचे यान क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटरसायकलप्रेमीच्या डोक्यातून निघाले आणि १९७३ साली जपानच्या कावासाकी कंपनीने ते ‘जेट-स्की’ या नावाने बाजारात आणले. नाव त्या एका कंपनीचे. पण वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणत आलो, तसे आता कोणाचेही यान जेट-स्कीच ठरते.

या तरुणाचे यान गोव्याहून जुने विकत घेतलेले. त्यासाठी पतपेढीचे कर्ज, त्या कर्जाला वडिलांची जामीनकी आणि उरलेल्या रकमेसाठी आईच्या बांगड्या. पावसाळ्याचे महिने धंदा बंद. मग ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम, आणि त्यातही नाताळ ते नववर्ष हा आठवडा असा की, तो हातचा गेला तर पुढचे दोन-तीन हप्ते थकणार हे ठरलेले. वडील रापणीच्या आणि गळाच्या मासेमारीत आयुष्य काढलेले. जामीनकीच्या कागदावर सही केली ती पत्नीच्या आग्रहाने; यंत्र दारात आले त्या दिवसापासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता. ही यंत्रे किनाऱ्यालगत भणभणत फिरतात, मासळी बुजते, जाळ्यांवरून जातात, हे त्यांचे म्हणणे आणि ते अगदीच निराधार आहे असे आम्हांला म्हणता येणार नाही. बापलेकांत जेवणापुरते बोलणे उरले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यानाने मान टाकली. इंजिन आक्रोश करी, पण यान जागचे हलेना. कारण साधे होते. उथळ पाण्यात चालवताना पाण्याबरोबर वाळूही आत ओढली जाते. पंख्याच्या पात्यांची टोके आणि त्यांच्या भोवतीचे कडे यांच्यात मिलिमीटरच्या काही अंशांएवढीच फट असावयास हवी. वाळूने ते कडे खरवडले, फट वाढली, आणि मागे जाण्याऐवजी पाणी तेथल्या तेथे घुसळू लागले. कडे नवे मागवले, ते आलेही. आता पंपाचे कवच चार बोल्ट काढून खाली घ्यावयाचे आणि कडे बदलावयाचे. अर्ध्या दिवसाचे काम. तीन बोल्ट कुरकुरत का होईना, निघाले. चौथा निघेना.

गव्हाणीच्या देखाव्याची दिव्यांची जोडणी दरवर्षी हाच तरुण करतो. रविवारी तो आला नाही, सोमवारी सकाळीही आला नाही, म्हणून आम्ही त्याच्या घराकडे गेलो, तर माडांच्या सावलीत, ट्रॉलीवर चढवलेल्या यानाच्या मागे तो उकिडवा बसलेला. हाताची बोटे सोललेली. पान्याच्या दांड्यात हातभर लांबीचा लोखंडी पाईप अडकवलेला. “फादर, आता तो तोडूकच व्हयो,” तो म्हणाला. त्या स्वरात यंत्राविषयी जेवढे होते त्याहून अधिक इतर गोष्टींविषयी होते, हे ओळखावयास फारसे धर्मशास्त्र लागत नाही.

आमचे वडील एस.टी.च्या कार्यशाळेत फिटर होते. सेमिनरीत जाण्यापूर्वीच्या सुट्ट्या आम्ही त्यांच्या पान्यांच्या पेटीशेजारी काढल्या, आणि धर्मगुरू झाल्यावरही बंद पडलेला पंप किंवा जनरेटर पाहिला की आमची पावले तिकडे वळतात. आम्ही वाकून पाहिले. बोल्ट आठ मिलिमीटरचा, स्टेनलेस स्टीलचा, कवच ॲल्युमिनियमचे. बोल्टाच्या डोक्याचे दोन कोपरे झिजू लागलेले, कारण त्याने बारा कोनांची रिंग वापरली होती. ती कोपऱ्यांच्या टोकांना धरते, सहा कोनांची गोटी सपाट बाजूंना धरते. बोल्टाच्या मुळाशी, जेथे तो कवचात शिरतो तेथे, तांदळाच्या पिठीसारखी पांढरी भुकटी साचलेली होती. सगळा प्रकार त्या भुकटीत होता.

दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असावेत आणि दोघांना मिळून खारे पाणी लागावे, म्हणजे ती एक छोटी बॅटरीच झाली. दोहोंतला जो अधिक सहज झिजणारा तो झिजतो आणि दुसरा त्याच्या जिवावर सुरक्षित राहतो. येथे झिजते ते ॲल्युमिनियम. ते नाहीसे होत नाही, पांढऱ्या भुकटीत रूपांतरित होते. सेमिनरीत आमचे अध्यापक द्रव्य आणि रूप यांचा भेद शिकवीत, तेव्हा हे उदाहरण त्यांच्या हाती असते तर आम्हांला तो लवकर उमगला असता. या भुकटीला मूळ धातूच्या तिपटीपर्यंत जागा लागते, आणि बोल्टाच्या आट्यांत जागा तर केसाएवढीही नसते. त्यामुळे ती आट्यांत पाचरीसारखी ठासली जाते. अशा बोल्टाला पाईप लावून पिळणारा मनुष्य जोर लावतो तो बोल्टाच्या मानेवर. त्याला धरून ठेवणारी भुकटी तर आत, त्या जोराच्या पलीकडे असते. मान आधी तुटते. मग आत राहिलेला तुकडा भोक पाडून काढावा लागतो. त्यासाठी मिळणारा उलट्या आट्यांचा कठीण पोलादी खुंटा त्यात मोडला, तर त्याला ड्रिलही लागत नाही. कवचच नवे घ्यावे लागते. त्याची किंमत या तरुणाच्या कित्येक हप्त्यांएवढी होती, आणि ते यावयास जानेवारी उजाडला असता.

ही गोष्ट जगाला नवी नाही. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून रक्षण व्हावे म्हणून, तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी तिचा तळ तपासला तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजून गेलेले आढळले. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद त्या ठिकाणी निष्काळजीपणाने तसाच राहून गेला होता आणि खिळा व तांबे यांची भेट त्याने होऊ दिली नव्हती! पुढे १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी त्यावर अधिक शहाणपणाचा उपाय सुचवला. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे ठोकळे जोडावेत, म्हणजे झिजावयाचे ते ठोकळे झिजतील आणि तांबे वाचेल. तांबे वाचलेही, पण झिजणारे तांबे ज्यांना दूर ठेवीत होते ते शिंपले-कालवे आता तळावर सुखाने वस्ती करू लागले आणि जहाजे मंदावली. आपल्या मुंबईच्या गोदीत बांधल्या गेलेल्या जहाजांना खिळ्यांच्या बाबतीत एक नैसर्गिक लाभ होता. इंग्लंडातल्या ओक लाकडातले आम्ल लोखंडाला खाते. मलबारी सागवान तसे करीत नाही. वाडियांनी १८१७ साली मुंबईत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. हे विषयांतर झाले खरे, पण कोकणच्या वाचकांना ते रुचावे.

आणि अगदी अंगणातले सांगावयाचे तर, मालवणच्या राजकोटावरील शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, त्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एका पत्रात त्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचे लिहिले गेले होते, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. त्या दुर्घटनेची कारणे एकाहून अधिक होती. तिचा न्याय करणे हे आमचे काम नव्हे. पण या किनाऱ्यावर बोल्ट हा किरकोळ माल समजू नये एवढे त्यातून दिसते.

सोमवारी आम्ही एवढेच केले, की पाईप काढून घेतला. बोल्टाच्या मुळाशी तारेच्या ब्रशाने भुकटी साफ केली, गंज सोडवणाऱ्या तेलाची फवारणी केली आणि पंच ठेवून बोल्टाच्या माथ्यावर हातोडीचे छोटे छोटे ठोके द्यावयास सांगितले. जोराचे नकोत, पुष्कळ हवेत. ठोक्यांनी भुकटीला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत शिरते. दिव्यांच्या वातीत तेल चढते तसे ते चढते. त्याला घाई करता येत नाही. मंगळवारी पुन्हा तेच. मंगळवारी सायंकाळी गोटी चढवून पाहिले, बोल्ट ढिम्म.

गॅसच्या ज्योतीने कवच तापवावे, असे एका शेजाऱ्याने सुचवले. तत्त्वतः ते बरोबर होते. शंभर अंश तापमान वाढले तर मीटरभर लांबीची ॲल्युमिनियमची सळई सुमारे २.३ मिलिमीटर वाढते आणि स्टेनलेस स्टीलची सुमारे १.७, म्हणजे भोक बोल्टापेक्षा अधिक फुगते आणि पकड सैल होते. पण यानाच्या पोटात पेट्रोलची टाकी होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, तळाशी साचून राहते आणि ठिणगीची वाट पाहते. ज्योतीला आम्ही स्पष्ट नकार दिला. बॅटरीच्या तारा सोडवून ठेवल्या, आसन काढून पोट वाऱ्याला मोकळे केले. मग उष्णता द्यावयाची ती उकळत्या पाण्याची, असे ठरले. तरुणाची आई चुलीवर हंडा ठेवून बसली. कवचाभोवती गोणपाट गुंडाळून त्यावर पाणी ओतावयाचे, पाच मिनिटे थांबावयाचे, तेल सोडावयाचे, ठोके द्यावयाचे आणि निवू द्यावयाचे. बुधवारी सकाळपासून दुपारपर्यंत हे सहा वेळा झाले. आम्हांला मध्येच आजाऱ्यांना भेटी देण्यासाठी उठावे लागले. परतलो तेव्हा बोल्ट होता तेथेच होता आणि पाईप पुन्हा पान्याशेजारी येऊन पडला होता.

पाणी ओतल्यावर कवच तापते, पण त्यातून बोल्टही तापतो आणि तोही फुगतो. मिळालेला लाभ निम्मा वाया जातो. कवच गरम आणि बोल्ट थंड असे करता आले तर? त्यासाठी बर्फ हवा. घरातल्या फ्रिजमध्ये बर्फाचे चार खडे होते. पण त्या घराच्या मागच्या पडवीत मासळीच्या पेट्या होत्या, आणि बर्फ कोठून आणावयाचा हे ज्यांना उत्तम ठाऊक होते ते गृहस्थ पायरीवर बसून जाळे विणीत होते. तीन दिवस ते तेथेच बसून सर्व पाहत होते. मुलगा त्यांच्याकडे बर्फ मागणार नव्हता. आम्ही मागितला.

“बर्फ कित्याक व्हयो, फादर?” त्यांनी मान वर न करता विचारले. आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत. जाळे खुंटीला लावले, सायकल काढली आणि निघून गेले. गुरुवारी पहाटे, मिस्सा आटोपून आम्ही पोहोचलो तेव्हा अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून माडाच्या बुंध्याशी ठेवलेली होती आणि ते स्वतः यानाच्या मागे वाकून पाहत होते. मुलाला त्यांनी पहिला प्रश्न केला तो बोल्टाविषयी नव्हेच. “हेचा जस्त खंय गेला?”

प्रश्न मर्मावर होता. प्रत्येक मच्छीमारी बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा जोडलेला असतो. जस्त ॲल्युमिनियमच्याही आधी झिजते, आणि ते झिजत असेपर्यंत बाकीच्यांना अभय असते. या यानाच्या पंपापाशी अशा ठोकळ्याची जागा होती, भोके होती. ठोकळा मात्र नव्हता. पूर्वीच्या मालकाकडे तो झिजून संपला असावा आणि नवा बसवलाच गेला नसावा. मुलाला ही वस्तू असते हेच माहीत नव्हते. वडील तीस वर्षे ती बदलीत आले होते. घरात दोघांचे बोलणे सुरू असते तर हा विषय पहिल्याच महिन्यात निघाला असता, असे आमच्या मनात आले. आम्ही ते बोललो नाही.

मग काम चौघांत वाटले गेले. आई हंडा आणून देई, आम्ही गोणपाटावर पाणी ओतीत होतो, वडिलांनी फडक्यात बर्फाचा तुकडा धरून तो बोल्टाच्या माथ्यावर दाबला होता, मुलाच्या हाती दांडा होता. हिशेब केला तर अशाने भोक आणि बोल्ट यांच्यात जो फरक पडतो तो फार तर मिलिमीटरचा शंभरावा भाग. पण भुकटीची पकड मोडावयास तेवढाही पुरतो. पहिल्या दोन खेपांना काही झाले नाही. मुलाने दांड्यावर अंगाचा भार टाकावयास सुरुवात केली तेव्हा वडील म्हणाले, “जोर लावून काय होवचा नाय. तेका तेल पिवंदे.” पुन्हा थांबलो. तिसऱ्या खेपेला त्यांनी मुलाला दांडा आधी आवळण्याच्या दिशेने किंचित ढकलावयास सांगितले. ही युक्ती आमच्या वडिलांचीही होती; सोडवण्यापूर्वी थोडे आवळावे, म्हणजे बसलेली पकड दोन्ही बाजूंनी हलते.

आणि कट् असा आवाज झाला.

ज्यांनी असे काम केले आहे त्यांना त्या आवाजाची धास्ती ठाऊक असेल. सुटणारा बोल्टही कट् करतो आणि तुटणाराही. कवचावर आणि बोल्टाच्या माथ्यावर मिळून आम्ही पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. ती दुभंगली होती, म्हणजे माथा फिरला होता. पण माथा फिरला म्हणून खालचे अंग फिरलेच असे नाही. मान पिळवटत असेल तरीही माथा फिरतो. फरक हाताला कळतो. तुटू पाहणारा बोल्ट रबरासारखा लिबलिबीत लागतो, सुटलेला दगडासारखा घट्ट पण प्रामाणिक लागतो. मुलगा दांडा धरून तसाच थांबला होता. वडिलांनी बर्फ खाली ठेवला, त्याच्या हातावरून आपला हात दांड्यावर ठेवला आणि अगदी हलके मागेपुढे करून पाहिले. बोल्टाच्या मुळाशी तेलाचे बारीक बुडबुडे आले. “सुटलो,” ते म्हणाले.

आमचा पेशा लक्षात घेता वाचक येथे एखाद्या दृष्टान्ताची अपेक्षा करतील. बोल्टाला आम्ही बोल्टच राहू देतो; शिवाय काम अजून संपले नव्हते. सुटलेला बोल्ट सरळ बाहेर ओढू गेले तर भुकटी आट्यांत गोळा होऊन तो अर्ध्या वाटेवर पुन्हा अडकतो. पाव फेरा बाहेर, अर्धपाव आत, तेल, पुन्हा पाव फेरा. त्याचे आटे सव्वा मिलिमीटर अंतराचे आणि तो पंचवीस मिलिमीटर आत गेलेला, म्हणजे पुरे वीस फेरे. त्याला तासाहून अधिक वेळ लागला. मुलगा दमला की वडील, वडील दमले की मुलगा, असे ते दांडा एकमेकांच्या हाती देत होते. आम्ही तेलाच्या डब्याचे धनी. बाहेर आला तेव्हा तो बोल्ट मिठाच्या काडीसारखा पांढरा दिसत होता. पुसल्यावर खालचे पोलाद नव्यासारखे चकाकले. झिजले होते ते भोकाचे आटे. पण पहिले तीन-चार सोडता पकड शिल्लक होती, आणि टॅप फिरवून ते साफ करता आले.

दुपारी कुडाळहून चार नवे बोल्ट आणि जस्ताचा ठोकळा आणला. त्याबरोबर, बोल्टाच्या आट्यांना फासावयाचे धातुमिश्रित राखाडी ग्रीसही आणले. ‘अलार्म’ नौकेवर तपकिरी कागदाने चुकून जे केले ते हे ग्रीस मुद्दाम करते. ही नळी एका भोजनाच्या खर्चात येते. तिच्याअभावी चार दिवस गेले. बोल्ट आवळताना मुलाने सवयीने जोर काढला, तेव्हा ठरावीक जोरालाच थांबणारा पाना गॅरेजमधून मागून आणावयास आम्ही लावला. ग्रीस लावलेला बोल्ट कोरड्यापेक्षा सहज फिरतो आणि गरजेपेक्षा अधिक आवळला जातो, हे पुष्कळ कारागिरांच्याही ध्यानात नसते.

शुक्रवारी यान खाडीत उतरले, शनिवारी किनाऱ्यावर गेले. गव्हाणीचे दिवे त्याच रात्री लागले. एक माळ अखेरपर्यंत पेटली नाही. जानेवारीचा हप्ता वेळेवर गेला, फेब्रुवारीचा दहा दिवस उशिरा. बांगड्या अजून पतपेढीतच आहेत. यंत्राच्या आवाजाविषयी वडिलांचे मत बदललेले नाही आणि मच्छीमारांच्या सभेत ते तसे बोलतातही. रोज सायंकाळी यान विहिरीच्या पाण्याने आतून-बाहेरून धुतले जाते, आणि महिन्यातून एकदा मागे वाकून ते जस्ताचा ठोकळा किती उरला हे पाहतात. पहिला ठोकळा मे महिन्यात, हंगाम संपण्याच्या आठवडाभर आधी बदलावा लागला.